अण्णा आणि पाण्याची निवडणूक

अण्णा, माझे वडील, आमच्याकडे रायस्वाइक या डच गावी एकदाच आले, आई गेल्यानंतरच्या वर्षी. मार्च ते मे, तीन महिने. आता तेही नाहीत, त्यामुळे ते तीन महिने मी सारखे आठवत बसते.

अण्णांचं आयुष्य पाणी सोडण्यात गेलं. आमच्या तालुक्याच्या गावी ते नगरपालिकेचे व्हॉल्व्हमन होते. खांद्यावर माणसाच्या उंचीची लोखंडी चावी, बुडाखाली सायकल. सुट्टीत मी दांडीवर बसून त्यांच्याबरोबर जायची. ते खड्ड्याचं झाकण उचलून चावी बसवायचे आणि फिरवताना तोंडाने आटे मोजायचे. जमिनीखालून आधी नुसता वारा सुटायचा, मग पाणी. गल्लीतून "आलं, आलं!" असा ओरडा उठेपर्यंत अण्णा पुढच्या गल्लीकडे निघालेले असायचे.

त्या मार्चमध्ये माझ्या नावाने मतदानाचं पत्र आलं. शेजाऱ्यांना दोन, मला एकच. प्रांताच्या निवडणुकीत परक्या नागरिकाला मत नसतं. पाणी मंडळाच्या निवडणुकीत मला होतं.

"पाण्याची वेगळी निवडणूक?" अण्णांनी विचारलं.

"हो. कालवे, बांध, पंप, सगळं त्या मंडळाकडे असतं. त्यालाही पक्ष उभे राहतात."

"पक्ष?" अण्णांचा चेहरा उतरला. "म्हणजे इथंही तेच."

शनिवारी बाजारात एक उंच, म्हातारा शेतकरी पत्रकं वाटत होता. उमेदवार तोच. गावाबाहेर त्याच्या गाई होत्या. अण्णांनी मला थांबवलं. "विचार त्याला, काय हवंय."

"माझ्या कुरणातलं पाणी वीतभर खाली हवं," तो इंग्रजीत म्हणाला. "ट्रॅक्टर रुततो. समोरचे म्हणतात, पाखरांसाठी वर ठेवा."

मी सांगितलं तसे अण्णा खो-खो हसले. "पाणी कमी करा म्हणून मतं मागणारा माणूस जन्मात पहिल्यांदा बघतोय!" मग एकदम गंभीर झाले. "निवडून आलास तर पंपावरच्या माणसाला परस्पर फोन करशील का, विचार."

शेतकऱ्याने पत्रकांचा गठ्ठा काखेत धरला. "करावासा वाटेल," तो म्हणाला. "पण पातळी बैठकीत ठरते. माझं ऐकून तो पंपाला हात लावणार नाही. आणि लावलाच, तर माझ्या शेजाऱ्याला मी तोंड कसं दाखवू?"

अण्णांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. घरी येताना वाटेत बाकावर बसले आणि म्हणाले, "तुझा तो चौथीचा उन्हाळा. आपल्या गल्लीला तासभर जास्त पाणी यायचं तो."

तो उन्हाळा मी कशी विसरेन? आईने गोधड्या धुतल्या होत्या, आम्ही पोरं अंगणात नळाखाली भिजायचो. माझ्या मुलीलाही मी ते कितीदा सांगितलं होतं.

"निवडणूक होती तेव्हा. आपल्या वॉर्डाचा उमेदवार घरी आला. म्हणाला, महिनाभर एवढ्या गल्ल्यांना जरा सढळ सोडा. मी सोडलं."

"मग?"

"माळावरची वस्ती शेवटच्या टोकाला. तिथं पाणी पोचेना. एक दिवस तिथली बाई आली. भांडली नाही, काही नाही. रिकामा हंडा आपल्या उंबऱ्यावर ठेवला आणि चालू लागली. तुझ्या आईनं तो भरला, डोक्यावर घेऊन माळावर पोचवून आली. माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी चावी जुन्या मापावर आणली. तो निवडून आला, आणि माझी बदली झाली धरणावर."

धरणावरचा पंप बारा किलोमीटर लांब होता. अण्णांना बढती मिळाली, असं मी वर्गात सगळ्यांना सांगितलं होतं.

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"तुला तो उन्हाळा फार आवडायचा गं."

आम्ही तसेच बसून राहिलो, वाऱ्यात.

मतदानाला अण्णा माझ्याबरोबर आले आणि शाळेच्या दाराशीच थांबले. आत चादरीएवढी मतपत्रिका आणि लाल पेन्सिल. बाहेर येताच त्यांनी विचारलं, "कुणाला दिलंस?"

"सांगायचं नसतं, अण्णा."

"बरोबर," ते म्हणाले. पण घरी पोचेपर्यंत दोनदा पुन्हा विचारलं.

शेतकरी निवडून आला. मेमध्ये पाण्याच्या पातळीवर बैठक होती, कुणीही येऊन ऐकू शकत होतं. अण्णा मला हट्टाने घेऊन गेले. डच भाषेचा एक शब्द कळत नसताना दोन तास ताठ बसून राहिले. शेवटी हात वर झाले. शेतकऱ्याच्या, पाणी खाली आणायच्या ठरावाच्या बाजूने थोडे, विरुद्ध बरेच.

"पडला?"

"पडला."

शेतकऱ्याने फाइल मिटली. बाहेर येताना त्याने आम्हाला ओळखलं आणि स्वतः तीन कप कॉफी आणली. अण्णांनी त्याला गाई किती, दूध किती, वैरण कुठली, सगळं विचारून घेतलं. तो खिडकीच्या काचेवर बोटाने आपल्या शेताचा नकाशा काढून दाखवत होता. अण्णा मान डोलावत होते, आणि मी दोघांच्या मधे उभी राहून इकडचं तिकडे सांगत होते.