ठमीचे बाबा

तो बसच्या कारखान्यात सीटची कव्हरं शिवायचा. तिथे सगळे त्याला मास्तर म्हणत, पण गुरुवारी तो नुसता 'ठमीचे बाबा' असे. ठमी म्हणजे त्याची लेक. शाळा सुटल्यावर ज्यांच्या घरी कुणी नसतं अशा मुलांसाठी वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर वर्ग भरायचा. तो चालवणाऱ्या ताईंनी नियमच केला होता, गुरुवारी घरातल्या कुणीतरी येऊन तासभर मुलांबरोबर बसायचं. बाबांना त्या दिवशी सुट्टी, म्हणून बाबाच जायचे.

मग नवरा-बायकोचं फाटलं. फारशी आदळआपट झाली नाही. बायको नोकरीसाठी दूरच्या शहरात गेली आणि ठमी तिच्याबरोबर. त्यानं खोकी बांधून दिली, गाठी नीट मारल्या, गाडी सुटताना हात हलवला.

पुढच्या गुरुवारी त्यानं धुतलेला शर्ट घातला आणि वर्गाचा जिना चढला. छोट्या खुर्चीवर गुडघे पोटाशी घेऊन बसला, तेव्हा कुठे ध्यानात आलं की इथे आपलं कुणीच नाही. पण उठावंसंही वाटेना. एका मुलीनं पुठ्ठा पुढे केला. "ठमीचे बाबा, हे घट्ट धरा." त्यानं धरला.

तो येतच राहिला. एकदा ब्रश धुताना ताईंनी विचारलं, "तुम्ही येता ते आम्हाला बरंच आहे हो. पण तुम्हाला त्रास नाही ना होत?"

दाढ बधिर केल्यावर जीभ फिरवून बघावी तसा त्यानं आत त्रास शोधून पाहिला. "नाही. घरी घड्याळ फार ऐकू येतं, एवढंच."

ताईंनी त्याला जा म्हटलं नाही, कामाला लावलं. "खाली बघा, ते बाबालोक गाडीवर बसून हॉर्न वाजवताहेत. मी बोलावलं की त्यांना कामं आठवतात. तुम्ही आणा बघू एखाद्याला वर."

"काय सांगू त्यांना?"

"सुचेल ते."

तो जिना उतरून खाली गेला. फाटकाशी एक धिप्पाड वेल्डर गाडी चालू ठेवून बसला होता.

"वर या."

"का? काय प्रताप केले आमच्या बयेनं?"

"काही नाही. वर पंखा आहे."

वेल्डर हसला आणि गाडी बंद करून वर आला. त्याला बघताच त्याची मुलगी अशी धावली की रंगाच्या पाण्याचा डबाच लवंडला. "माझे बाबा आले!" वेल्डर चोरी पकडल्यासारखा उभा. ठमीच्या बाबांनी फडकं आणून फरशी पुसली, पाणी बादलीत पिळलं. त्यांच्या आत काही हललं नाही.

हळूहळू बाकीचेही येऊ लागले. लोक पंख्यासाठी येतात, असं ताई चिडवायच्या. हसायचं असतं म्हणून तो हसायचा.

एका रविवारी ठमीचा फोन आला. "बाबा, तू अजून वर्गात जातोस?"

"जातो."

"इथेही तसा वर्ग आहे. घरच्यांनी शनिवारी यायचं असतं. आईला जमत नाही." मग तिनं विचारलं, "तू येशील?"

"बघतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी त्यानं साहेबांकडे शनिवारची सुट्टी मागितली.

"मग गुरुवार जाईल, मास्तर."

"जाऊ दे."

ताईंना सांगायला गेला तेव्हा त्या नुसतं "बरं झालं" म्हणाल्या आणि बराच वेळ टेबल पुसत राहिल्या. फाटकाशी उभं राहायचं काम वेल्डरनं आपणहून घेतलं.

शनिवारी पहाटेच्या गाडीनं तो निघाला. नवा वर्ग एका शाळेच्या तळघरात होता, भिंतींना ताज्या चुन्याचा वास. ठमी उंच झाली होती. तिनं त्याला हाताला धरून शेजारी बसवलं, कात्री दिली आणि कागदाचे मासे कसे कापायचे ते समजावू लागली. आता काहीतरी वाटायला हवं, असं त्याच्या मनात आलं. वाटलं नाही. तो मासे कापत राहिला. कापता कापता ठमीनं डोकं त्याच्या दंडावर टेकलं. दंड अवघडला, मुंग्या आल्या, तरी त्यानं तो हलवला नाही.