कापलेले नऊ सेकंद

दुपारचे अडीच वाजलेत. फेस्टिव्हलवाल्यांनी पुण्यात दिलेल्या गेस्ट हाउसच्या खोलीत मी जरा आडवी झालेय. पाच वाजता माझी फिल्म आहे. मावशींना कळवावं म्हणून त्यांचा नंबर काढला, पण लावला नाही; फोन तसाच उशीवर आहे. पंख्याचा आवाज लांब लांब जातो, आणि कुणीतरी पायाशी येऊन बसतं. गादी खचते.

यशोधरा आहे. मागच्या वर्षी डेंग्यूनं नऊ दिवसांत गेलेली.

नागपुरात, इंदोऱ्याच्या एका खोलीत आम्ही अकरा वर्षं राहिलो. ती नर्स, मी शाळेत शिक्षिका. वस्तीसाठी दोन मैत्रिणी. फिल्म आमच्यावरच आहे. दोन बौद्ध पोरी, एक खोली, एक पलंग. कॅमेरा मी धरायचे, समोर यशू असायची.

"मी पण येऊन राहिली पाच वाजता," ती म्हणते. "माझं वाक्य ठेवलं ना?"

खोलीचा वॉर्ड झालाय. यशू पलंगावर आहे, तिची आई, म्हणजे मावशी, शेजारी स्टुलावर, आणि माझ्या हातात कॅमेरा. त्या दिवशी होता तसाच. यशू आईकडे मान वळवते आणि श्वास घेत घेत तेच म्हणते, "आई, विशाखा माझी मैत्रीण नाही. माझी बायको आहे ती. मी गेल्यावर तिला एकटी पाडू नको." मग कॅमेऱ्याकडे बघते. "हे ठेवशील. बाकी काहीही काप."

मी तेच नऊ सेकंद कापले, बाकी सगळं ठेवलं. तिचं सुजलेलं तोंडसुद्धा.

"काऊन कापलं?"

"मावशींनी सांगितलं. नातेवाइकांत तोंड दाखवता येणार नाही म्हणाल्या."

हे मी सगळ्यांना सांगितलंय. एडिटरला, निवड समितीला, मुलाखत घ्यायला आलेल्या मुलीला. सगळ्यांनी मान हलवली.

"कधी म्हणाली आई?"

मी आठवू लागते. पायाखालची फरशी उताराची होते. आम्ही थिएटरात उभ्या आहोत. खुर्च्यांवर आमच्या मुख्याध्यापिका बसल्यात, स्टाफरूममधले सगळे, माझा भाऊ, त्याचे सासू-सासरे.

"आई दिसून राहिली का या लोकांत?"

"नाही."

"मग?"

"माझी नोकरी गेली असती, यशू."

"माझा जीव गेला ना."

पडद्यावर वॉर्ड आहे. यशू आईकडे मान वळवते, तोंड उघडते, आणि दृश्य तुटून खिडकीवर जातं. समोरचे सगळे समाधानानं बघताहेत. भावाची सासू डोळे पुसते. म्हणते, "काय मैत्री होती!"

"मला माफ कर."

"त्यासाठी नाही आली मी." ती माझ्या कानाशी फोन दाबते. तिची बोटं सलाइनच्या नळीसारखी गार आहेत. "आईला सांग, तू माझी कोण होती."

फोन वाजतो. मला शब्द माहीत आहे, मी तो जिभेवर आणतेही. पण मुख्याध्यापिका मागे वळून बघतात.

"मावशी, मी तिची मैत्रीण होते."

यशू हसते आणि एक रांग मागे जाऊन बसते. "अजून एकदा."

"मैत्रीण."

ती आणखी मागे जाते. मी पुन्हा म्हणते. दर वेळी वाटतं, आता खरं येईल, आणि दर वेळी तेच येतं. शेवटच्या रांगेत अंधार आहे. तिचं तोंड आता दिसत नाही.

"मैत्रीण, मावशी. नुसती मैत्रीण."

"किती वेळा म्हणशील?"

हा आवाज यशूचा नाही. पंखा फिरतोय. माझा कान तापलाय. फोन गालाखाली चेपलाय आणि त्यावर कॉल चालू आहे.

"मावशी?"

"कधीची ऐकून राहिली मी. मैत्रीण, मैत्रीण." त्या थांबतात. "माह्या पोरीनं दवाखान्यात मले दुसरंच सांगितलं होतं. मले लई जड गेलं ते. पण मी मनाची तयारी करून बसली होती. तू घरी येशील म्हणून वर्षभर वाट पाहिली."

"मावशी, मी झोपेत..."

"मरताना ती खोटं बोलली म्हनायची. बरं केलं सांगितलं."

फोन कटतो. मी तो गालापासून सोडवते. काच माझ्या लाळेनं ओली झालीय, आणि तिच्याखाली मावशींचं नाव आणि वेळ: सात मिनिटं, चार सेकंद.