आधीची गोपिका, नंतरची शामला

इंदोरा मोहल्ल्यातल्या गोपिकाबाई दारात उभ्या राहिल्या की मागचं घर दिसत नाही, असं लोक म्हणायचे, आणि तेही तोंडावर. त्या काय ऐकून घेतात! "दिसत नाई त सरकून पाह्य ना गा, मी काही भिंत होय का?" म्हणायच्या आणि स्वतःच आधी हसायच्या.

पण त्यांच्या दंडांना नाव ठेवायची कोणाची टाप नव्हती. लग्नकार्यात लांब रोटी करायला पहिलं बोलावणं त्यांनाच. कणीक सैल, पाण्यासारखी लवलवती. ती या तळव्यावरून त्या तळव्यावर झेलायची, कोपरापर्यंत ओघळू द्यायची आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या तापल्या मडक्यावर अलगद पसरवायची. बघणाऱ्याला सोपं वाटतं. करून पाहा म्हणावं! त्याला भरलेला, राबलेला हात लागतो.

धाकटी बहीण शामला त्यांच्याकडेच होती. टीबी झाला तशी सासरच्यांनी तिला आणून टाकली, एखादं फुटकं भांडं टाकावं तशी. गोपिकाबाईंनी मेडिकलच्या सरकारी दवाखान्यात चकरा मारल्या, गोळ्या चारल्या, अंडी चारली, मटणाचा रस्सा पाजला. "अजून एक घास, शामले," हे एकच पालुपद. पोरगी उठून बसली, हिंडूफिरू लागली. डॉक्टर म्हणाले, आजार गेला, आता हिच्या अंगाला मांस लागू द्या. तेवढंच काय ते बाकी होतं.

अशात शहाऐंशीच्या उन्हाळ्यात टीव्हीवाले आले. त्यांचे म्होरके होते कर्णिक, मुंबईचे. सफारी सूट आणि जिभेवर साखर. "बाई, तुमच्या रोट्यांचं शूटिंग करायचंय," म्हणाले. अख्ख्या मोहल्ल्यात टीव्ही ते किती, आणि त्यात आपली गोपिकाबाई दिसणार! बाईंनी ठेवणीतली हिरवी साडी नेसली. कर्णिकांनी ती बदलायला लावली. जुनी नेसा, केस विस्कटा, पाठीत वाकून बसा, खात राहा, हसू नका.

"काहून जी? रोटी काय रडून खातेत का?"

"टीव्हीला असंच लागतं, बाई."

लागत असेल बापा, म्हणून बिचाऱ्या तोंड पाडून बसल्या. तेवढ्यात शामला पाण्याची कळशी घेऊन आली आणि कर्णिक उभेच राहिले. "अरे वा! काय बांधा आहे! अगदी बहिणीचा चेहरा, फक्त सडपातळ. उद्या यांनाही घेऊ." लगेच गाडीतून एक गुलाबी साडी काढून तिच्या हातात ठेवली.

त्या संध्याकाळी शामलानं ताट सरकवलं.

"काहून वं, पोट दुखते का?"

"नाई ताई. आता उद्यापर्यंत असंच राहू दे मले. साहेब म्हणले, बिलकुल अशीच या." गुलाबी साडी मांडीवर घेऊन ती बसली होती. मग हळूच म्हणाली, "ते पावडरची जाहिरात करून राहिले. आधीची तू अन् नंतरची मी. एकच बाई, पावडर पिऊन बारीक झाली, असं दाखवणार."

गोपिकाबाईंच्या अंगाची लाही लाही झाली. हे रोट्यांचं शूटिंग! आपल्याला रडकं तोंड करायला लावलं ते यासाठी! उठून त्या मेल्याची गचांडी धरावी असं वाटलं. पण शामलाच्या तोंडाकडे पाहिलं आणि जीभ आवरली. "ताई, आजारानंतर मले कोणीच सुंदर म्हटलं नवतं वं," ती म्हणाली. ताटातली रोटी तशीच वाळली. पोटाच्या पोरीसारखी जिला मरणाच्या दारातून ओढून आणली, ती एका दिवसाच्या कौतुकानं घास नाकारत होती. त्याचीच बाईंना धास्ती बसली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शामला गुलाबी साडीत चुलीपुढं बसली. कर्णिकांना नंतरच्या बाईच्या हातूनही तीच रोटी हवी होती, नाहीतर बाई एकच हे लोकांना पटणार कसं? बघून बघून सोपं वाटलेलं त्यांना! शामलानं कणीक उचलली, झेलली. हाताच्या काड्यांवरून ती सुळ्ळकन ओघळली, फाटली आणि निखाऱ्यात पडली. धूर झाला. "पुन्हा," कर्णिक म्हणाले. पुन्हा पडली. "हसा ना, हसत करा," कर्णिक म्हणाले. शामलाला धाप लागली होती, कपाळाला घाम सुटला होता, तरी ती हसत होती. ते हसू गोपिकाबाईंना पाहवेना.

त्या उठल्या. कालची हिरवी साडी आज त्यांनी कोणाला न विचारता नेसली होती. "सरक, शामले." भरल्या दंडावर कणीक घेतली आणि एका झटक्यात मडकं झाकलं.

"बाई, तुम्ही मध्ये येऊ नका! कॅमेरा चालू आहे!"

"चालू दे ना जी. कालपासून मले वाकून बसवलं, आता सरळ बसलेली घ्या." रोटी उलथत त्या म्हणाल्या, "हे जे तुम्ही बांधा बांधा करून राहिले ना, ते माह्या बहिणीचं दुखणं होय. टीबीनं वाळली ते. पावडर नाई प्याली. हाडं मोजता येतेत तिची, अन् तुम्ही म्हणता आधीच्या बाईनं असं व्हावं? माह्या अंगाले हसाचं त हसा, मले फरक पडत नाई. तिच्या दुखण्याचं दुकान नाई मांडू देत."

कर्णिकांचा चेहरा पडला. "बाई, हे आम्हाला दाखवता येणार नाही."

"नका दाखवू. तुमच्यासाठी कोण करून राहिलं?"

गरम रोटी त्यांनी शामलापुढं ठेवली. आग्रह केला नाही, ‘अजून एक घास’चं पालुपदही म्हटलं नाही. "सुंदर त तू हायसच वं," एवढंच म्हणाल्या, "माही बहीण होय तू." आणि पुढची कणीक झेलायला घेतली.

शामला बघत होती. कॅमेऱ्याकडे नाही, ताईच्या हातांकडे. मग तिनं गुलाबी पदर खोचला, रोटीचा तुकडा तोडला, तोंडात घातला. भाजलं तरी चावत राहिली. कॅमेरावाला तारा गुंडाळत होता, कर्णिक केव्हाच गाडीत जाऊन बसले होते.

"ताई," तोंड भरलेलं असतानाच ती म्हणाली, "अजून एक टाक."