शेवटची दहा मिनिटे

कळंबच्या महाविद्यालयातून मी निवृत्त झालो आणि तेथील मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्राचे काम माझ्याकडे आले. नोकरी, शेती किंवा संसार यांमुळे शिक्षण सुटलेली माणसे घरी राहून पदवीचा अभ्यास करीत आणि रविवारी मार्गदर्शनासाठी केंद्रावर येत. वर्ग अकराला सुरू होई. बहुतेक विद्यार्थी सव्वाअकरापर्यंत येत राहत. माजी सैनिक मात्र पावणेअकराला पहिल्या बाकावर बसलेले असत. मी आत शिरलो की ते उभे राहत आणि सांगेपर्यंत बसत नसत. मला हे आवडत असे. मीही जन्मभर घड्याळाने चाललेला माणूस आहे.

त्यांच्यापैकी एका हवालदारांविषयी मला लिहायचे आहे. शेजारच्या वाशी तालुक्यात, वरच्या अंगाला, जिथे माळावर पवनचक्क्या फिरतात, तिकडचे त्यांचे गाव. वीस वर्षांची नोकरी संपवून ते परत आले होते. प्रवेशासाठी आले त्या दिवशी पत्नी सोबत होत्या. त्या दाराशीच उभ्या राहिल्या.

"कशासाठी शिकायचे?" मी विचारले. हा प्रश्न मी प्रत्येकालाच विचारीत असे.

"तलाठ्याची परीक्षा द्यायची हाय, सर. पदवी लागती."

"शहरात सुरक्षारक्षकाचे काम तुम्हांला उद्या मिळेल."

"मिळतंय की. पुण्यावरनं बोलावणं बी आलंय. पण तलाठ्याची बदली झाली तरी जिल्ह्यातल्या जिल्ह्यात. संध्याकाळी घरी येता येतं."

"वीस वर्षं ह्यांना स्टँडवर पोचवायला गेले, सर," दारातून पत्नी म्हणाल्या. "आता म्हटलं शाळेत पोचवून बघावं. शाळा सुटल्यावर माणूस घरी तरी येतंय."

हवालदार हसले. मी हसलो नाही. अर्जावरचे छायाचित्र चौकटीपेक्षा मोठे होते. ते बदलून आणायला सांगितले.

त्यांचा हिशेब सरळ होता. मुलगा लातूरला शिकत होता. हवालदारांची आई दोन वर्षांपूर्वी वारली होती. माळावरच्या घरात पत्नी एकट्याच उरल्या होत्या. माजी सैनिकांना वयात सवलत असते; ती धरूनही हवालदारांच्या वाट्याला एकच भरती येत होती. तीन वर्षांत पदवी हाती आली तर अर्ज करता येणार होता. चौथ्या वर्षी वय उलटणार होते. पहिल्या दिवशीच त्यांनी हे मला सांगितले आणि मी ते लक्षात ठेवले.

पहिली दोन वर्षे महामारीत गेली. परीक्षा मोबाइलवर झाल्या. चार पर्यायांपैकी एकावर बोट ठेवायचे. गावात संपर्क मिळत नसे, म्हणून हवालदार पवनचक्कीच्या पायथ्याशी जाऊन बसत आणि उन्हात पडदा दिसावा म्हणून पत्नी मोबाइलवर छत्री धरीत. दोन्ही वर्षे ते चांगल्या गुणांनी उत्तीर्ण झाले. लिहिण्याची सवय मात्र लागली नाही, आणि तिसऱ्या वर्षापासून परीक्षा पुन्हा कागदावर होणार होती.

त्यांची वही मी प्रथम तपासली, तो दिवस आठवतो. ग्रामपंचायतीपुढील अडचणी लिहा, असा प्रश्न होता. उत्तर असे होते: "(क) पाणी. (ख) रस्ता. (ग) मनुष्यबळ. निष्कर्ष: परिस्थिती गंभीर, परंतु नियंत्रणात."

"हवालदार, हा अहवाल झाला. मला उत्तर हवे आहे."

"एवढंच हाय की सर. आणखी काय लिहू?"

"का, ते लिहा."

"का, ते साहेब लोक लिहितेत. आम्ही काय झालं तेवढंच लिहून देत व्हतो."

शेजारी बसलेला एक वयस्क सुभेदार म्हणाला, "सर, ह्यानं लग्नाची पत्रिका लिहिली तरी खाली निष्कर्ष लिहील." वर्ग हसला. हवालदार उभेच होते. बसा म्हटल्यावर बसले.

पुढे ते 'का' लिहू लागले. दिवाळीपर्यंत अर्धे पान, संक्रांतीपर्यंत दोन पाने. अक्षर टपोरे, ओळी सरळ. वेग मात्र नव्हता. तीन तासांत पाच प्रश्न सोडवायचे आणि यांचा पाचवा प्रश्न नेहमी राहून जाई. तेव्हा मी एक शिस्त घालून दिली. दर शनिवारी घरी घड्याळ लावून एक प्रश्नपत्रिका सोडवायची. वेळ कोणीतरी बाहेरून सांगायची. वेळ संपली की पेन खाली.

"वाक्य अर्धे राहिले तर, सर?"

"राहू द्या. घंटा झाल्यावर लिहिलेले एक अक्षरही मी चालवून घेत नाही."

"जी सर."

वेळ सांगण्याचे काम पत्नींनी घेतले. तीन तास झाले की त्या पितळी ताटावर पळीने एक ठोका देत. त्या ठोक्याला हवालदार पेन ठेवीत. रविवारी माझ्यासमोर येणाऱ्या वहीत शेवटचे वाक्य तुटलेले असे. "ग्रामसभेचा अध्यक्ष हा" — आणि पुढे कोरे. मी त्या तुटलेल्या वाक्याखाली बरोबरची खूण करीत असे. वर्गाला एकदा वही उघडून दाखविली. "शिस्त याला म्हणतात," असे मी म्हणालो. मी कोणाची स्तुती सहसा करीत नाही. हवालदारांचे कान लाल झाले होते.

हळूहळू पाचवा प्रश्नही आवाक्यात आला.

परीक्षेचा पहिला दिवस उन्हाळ्यातला होता. विषय लोकप्रशासन. एक पर्यवेक्षक आले नाहीत, म्हणून त्या खोलीवर मीच थांबलो. हवालदार तिसऱ्या रांगेत होते. पत्नी खाली लिंबाच्या झाडाखाली बसल्या होत्या. खिडकीतून त्यांचा पदर दिसत होता. मी प्रश्नपत्रिका वाटल्या, सह्या केल्या आणि रांगांमधून फिरू लागलो. खोलीत पंखा होता, वारा नव्हता. हवालदार लिहीत होते. दोन तास उलटले तेव्हा त्यांचे तीन प्रश्न पुरे झाले होते. मला समाधान वाटले. ते चेहऱ्यावर येऊ दिले नाही.

आमच्या केंद्रावर विजेची घंटा नव्हती. व्हरांड्यात लोखंडी रुळाचा तुकडा टांगलेला असे आणि शिपाई त्यावर हातोडीने ठोका देई. वेळ संपायला दहा मिनिटे उरली की एक ठोका, तो इशारा. वेळ संपली की लांबलचक घणघण.

एक ठोका पडला.

हवालदारांनी पेन खाली ठेवले. टोपण लावले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ते ताठ बसले आणि फळ्याकडे पाहू लागले. बाकी सगळी खोली खाली मान घालून लिहीत होती. उत्तरे पुरी झाली असावीत, असे मला वाटले. फिरत मी त्यांच्या बाकापाशी आलो. उघड्या पानावर पाचव्या प्रश्नाचा आकडा होता. त्याखाली दीड ओळ. दुसरी ओळ मध्येच तुटलेली.

मला तेथेच सगळे कळले. माळावरच्या घरात एकच ठोका होत असे आणि त्या ठोक्याला पेन ठेवायला मीच शिकविले होते. मोबाइलवरच्या परीक्षेत घंटा नव्हती. शाळेच्या परीक्षा देऊन पंचवीस वर्षे झाली होती. दोन घंटा असतात, हे या माणसाला कोणी सांगितलेच नव्हते.

पर्यवेक्षकाने परीक्षार्थीशी बोलू नये, हा नियम मी जन्मभर पाळला. एखाद्या मुलीने पाण्यासाठी विचारले तरी मी बोटाने दाराकडे दाखवीत असे. मी त्यांच्या बाकापाशी उभा राहिलो, फिरताना राहतो त्याहून जरा अधिक वेळ. हवालदारांनी एकदा वर पाहिले. मी पुढे गेलो.

दहा मिनिटे ते तसेच बसून होते. घड्याळ नसलेल्या मनगटावर माशी बसली तरी हात हलला नाही. मग घणघण सुरू झाली. ते दचकले. त्यांनी डावीकडे पाहिले, उजवीकडे पाहिले. लोक शेवटचे शब्द खरडत होते. हवालदार आपल्या उत्तरपत्रिकेकडे पाहत राहिले, पण पेनला हात लावला नाही. मी ती उचलून घेतली.

जिन्यात त्यांनी मला गाठले.

"सर, दोन घंटा असतेत का?"

"असतात. पहिली इशाऱ्याची."

"जी सर."

एवढेच ते बोलले. खाली पत्नींनी "कसा गेला?" म्हणून विचारले, तेव्हा "जरा राहिला" असे म्हणाले.

पुढचे सर्व पेपर त्यांनी पुरे सोडवले. निकाल आला, पाच विषयांत ते उत्तीर्ण होते आणि लोकप्रशासनात चार गुण कमी पडले होते. फेरतपासणीचा उपयोग नव्हता. कोऱ्या पानाला गुण नसतात. भरतीच्या अर्जाची शेवटची तारीख पुढच्या परीक्षेच्या आधी होती.

गुणपत्रिका न्यायला दोघे आले. हवालदार कार्यालयात सही करीत होते, तेव्हा पत्नी माझ्या टेबलापाशी आल्या.

"सर, चूक माझी हाय."

"तुमची कशी?"

"म्या एकदाच वाजवत व्हते. दोनदा वाजवायचं असतंय, हे मला अडाणीला कुठं ठावं? ताट काढून टाकलंय मी माळ्यावर. नजरंला नको."

"तुमचा दोष नाही," मी म्हणालो. कोणाचा, ते म्हणालो नाही.

दिवाळीनंतर हवालदार पुण्याला गेले. एका मोठ्या वसाहतीच्या फाटकावर बारा तासांची पाळी होती. जाण्यापूर्वी त्यांनी केंद्राची पुस्तके परत केली. सगळ्यांना खाकी कव्हरे घातली होती. निरोप द्यायला जाणे माझ्या स्वभावात नाही, तरी मी कळंबच्या स्टँडवर गेलो. पुण्याची गाडी लागलेली होती. त्यांची सैन्यातली काळी पेटी टपावर चढली.

"पुन्हा स्टँडच आलं बघा आमच्या कपाळी," पत्नी म्हणाल्या.

"सहा महिन्यांचं तर हाय," हवालदार म्हणाले.

"वीस वर्षं बी सहा-सहा महिन्यांनीच गेली."

हवालदारांनी मला सलाम केला. गाडी सुटल्यावर त्या माऊलीने मागे वळून पाहिले नाही. सरळ वाशीच्या फलाटाकडे गेल्या.

राहिलेला विषय हवालदारांनी पुढल्या परीक्षेत रजा काढून दिला. इशाऱ्याची घंटा झाल्यावरही ते लिहीत होते. बासष्ट गुण मिळाले.

त्याच वर्षी प्रकृतीमुळे मी केंद्राचे काम सोडले. कपाट रिकामे करताना पर्यवेक्षकांसाठीची सूचनापुस्तिका हाती आली. दरवर्षी ती माझ्याच सहीने वाटली जाई. अशीच पुस्तिका मी महाविद्यालयातल्या नोकरीच्या पहिल्या वर्षी वाचली होती. नंतर वाचण्याची गरज वाटली नव्हती. त्या दिवशी उभ्याउभ्याच वाचली. परीक्षार्थीशी बोलू नये, हे कलम होतेच. त्याच्या दोन कलमे खाली लिहिले होते: इशाऱ्याची घंटा होताच पर्यवेक्षकाने शेवटची दहा मिनिटे उरल्याचे सर्वांना ऐकू जाईल असे सांगावे.

पस्तीस वर्षांत मी हे एकदाही सांगितले नव्हते. घंटा पुरेशी आहे, बोलणे म्हणजे गोंगाट, असे माझे मत होते. माझे मत म्हणजेच नियम, असे मी केव्हा धरून चाललो, ते मला सांगता येत नाही.

पदवी प्रमाणपत्र आले तेव्हा हवालदारांना रजा मिळाली नाही. अधिकारपत्र घेऊन पत्नी आल्या. नव्या केंद्रप्रमुखांनी मला मुद्दाम बोलावले होते. प्रमाणपत्र मी पत्नींच्या हाती दिले. त्यांनी ते उलटे धरले, मग सुलटे केले.

"नाव बरोबर हाय न्हवं?"

"बरोबर आहे."

मग मी त्यांना सांगितले. ठोका पडला तेव्हा मी पाहिले होते, हे सांगितले. मला कळले होते, हे सांगितले. पुस्तिकेत काय लिहिले आहे, तेही सांगितले. मधे थांबलो नाही.

 त्या बराच वेळ प्रमाणपत्राची कडा पदराने पुसत होत्या. कडेला काही लागलेले नव्हते.

"तुम्ही जवळ येऊन उभे ऱ्हायले व्हते, हे ह्यांनी सांगितलं व्हतं मला," त्या शेवटी म्हणाल्या. "मी भांडले. म्हटलं, असले कसले सर, तोंड उघडाया काय झालं व्हतं? तर मलाच रागावले. म्हणले, ड्यूटीवरचा माणूस बोलत नसतो. सरांनी नियम मोडला असता तर ते सर कसले?"

मी अधिकारपत्राची घडी घालून ते फायलीत ठेवले.

"त्यांना हे सांगू नका, सर. तिकडं फाटकावर रात्रंदिवस एकटे उभे असतेत. नियमानं गेलं म्हणून तरी त्यांना गेल्याचं दुःख न्हाय. तेवढं ऱ्हाऊ द्या."

"आणि तुम्ही?"

"वाशीची गाडी कितीला हाय?"

"पावणेपाचला."

त्यांनी प्रमाणपत्र पिशवीत उभे ठेवले, पिशवीचे बंद दोनदा गुंडाळले आणि त्या गेल्या. मला नमस्कार केला नाही. तो त्यांनी दर वेळी केला होता.

हवालदारांचा फोन रविवारी येतो. पाळी बदलली की करतात. तब्येत विचारतात, पाऊसपाणी विचारतात, नवे सैनिक केंद्रावर येतात का, ते विचारतात. मी उत्तरे देतो. "जी सर," म्हणून ते फोन ठेवतात. मी अजून सांगितलेले नाही.