माहेरचा रकाना

साखराबाई सोनकांबळे यांची आणि माझी पहिली भेट भांडणानेच झाली. भांडणात मी चूक होतो, हे कळायला मला अडीच महिने लागले आणि तोवर एका बाईचा जीव जायची वेळ आली होती.

साल २०१६, फेब्रुवारी महिना. मी मूळचा नांदेडचा, पुण्याच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होतो. एका ट्रस्टची दोन रुग्णालयं होती, एक नांदेडला आणि एक लातूरला. दोन्हीकडचे केसपेपर संगणकावर चढवायचे आणि पुढचा सगळा कारभार पडद्यावर आणायचा, हे माझं काम. नांदेडचं उरकून मी लातूरला आलो तर गावात पाण्याची बोंब. नळाला दहा-पंधरा दिवसांनी पाणी. रुग्णालयाने थांबण्यासारख्या शस्त्रक्रिया पुढे ढकललेल्या. पेशंटबरोबर माणसं डबा आणतात तसा इथे पाण्याचा कॅन आणत होती.

साखराबाई रेकॉर्ड रूम सांभाळायच्या. शिक्षण सातवी, वय छप्पन, बुटकी मूर्ती, चष्म्याला दोरा बांधलेला. पहिल्या दिवशी मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "मावशी, आता ही रॅकं जाणार. सगळं एका डबीत मावेल."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मावू दे की. पर काढाया किती येळ लागंल?"

तेवढ्यात किल्लारीकडचे एक आजोबा १९९१ सालचा कागद मागायला आले. म्हटलं चला, होऊन जाऊ दे. तो भाग आदल्याच आठवड्यात स्कॅन झाला होता. मी नाव टाकलं, सर्व्हर घरघरला, गोल चक्र फिरत राहिलं. चार मिनिटांत साखराबाई कागद झटकत बाहेर आल्या. माझा पडदा सातव्या मिनिटाला उघडला आणि त्याने ग्यानोबा नावाची एकोणतीस माणसं दाखवली. त्यातली निम्मी एक जूनला जन्मलेली. गुरुजींनी शाळेत घालताना लावलेली तारीख, दुसरं काय! आजोबा आपला कागद घेऊन कधीच निघून गेले होते.

मला राग आला. माणसापेक्षा यंत्र हळू निघालं की ज्याने यंत्र आणलं त्याला राग येतोच. पण खरं भांडण पुढे झालं, ते त्यांच्या रजिस्टरवरून.

रजिस्टरमध्ये छापील रकाने आठ होते आणि नववा त्यांनी लाल शाईने स्वतः आखलेला. त्यात बायकांच्या नावापुढे लिहिलेलं असायचं, माहेरचं गाव, बापाचं नाव आणि लग्नाआधीचं नाव. आपल्याकडे लग्नात मुलीचं नाव बदलतात, हे मलाही ठाऊक होतं. माझ्या सख्ख्या काकूचं मूळ नाव मात्र मला आजही माहीत नाही, यात मला तेव्हा काही वावगं वाटत नव्हतं. मी तो रकाना फॉर्ममधून उडवला. पेशंटला आधार क्रमांक आहे, मोबाइल आहे, माहेर कशाला?

"त्यो रकाना न्हाई?" साखराबाईंनी विचारलं.

"नाही मावशी. त्याची गरज नाही."

"गरज कुनाला न्हाई? तुला का बाईला?"

"ही काय सोयरीक जुळवायची जागा आहे का?" असं मी म्हणालो. चार माणसांसमोर, हसत हसत. दुसऱ्या दिवशी बघतो तर त्यांनी बाजारातून दोनशे पानी वही आणली होती आणि नोंदणीच्या खिडकीशेजारी स्टूल टाकून येणाऱ्या प्रत्येक बाईला विचारायला बसल्या होत्या. "माय, माहेर कुठलं? तिथं काय म्हनायचे तुला?" मी म्हणालो, ही वही बंद करा. त्या म्हणाल्या, "ही सरकारी न्हाई, दवाखान्याचीबी न्हाई. माझ्या पैशाची हाय, बापू."

त्यांची कहाणी मला तुकड्यातुकड्यांनी कळली. १९८२ साली उस्मानाबादेतून लातूर जिल्हा वेगळा झाला तेव्हा त्या बावीस वर्षांच्या होत्या. रुग्णालयाला तेव्हा असं माणूस हवं होतं, जे जुन्या केसपेपरवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' खोडून 'लातूर' लिहील. काम तीन महिन्यांचं, कागद अकरा हजार. साखराबाईंचे वडील दुसऱ्यांच्या शेतावर रोजाने जायचे, पण छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून त्यांनी एक नेम केला होता, की घरातल्या लेकराने दिवसाला एक पान तरी वाचायचंच. त्या सवयीने ही मुलगी नुसतं खोडून लिहीत बसली नाही. तिने प्रत्येक कागद वाचला. कुणाला काय झालं, कोण बरं झालं, कोण परत आलंच नाही. तीन महिन्यांनी मोठ्या डॉक्टरांनी कुठलासा पेपर मागितला आणि हिने तो बसल्या जागेवरून तोंडपाठ सांगितला. त्या दिवसापासून त्या तिथेच राहिल्या.

"अन् हा रकाना?" मी एकदा विचारलंच.

त्या चष्मा पुसत राहिल्या. मग म्हणाल्या, "शरणम्मा म्हून एक पोरगी होती, उदगीरकडची. माहेरी असताना इथंच तिच्या काळजाचा विकार निघाला. डॉक्टरांनी लिवलं होतं की हिला बाळतपन झेपायचं न्हाई, आधी इलाज करा. लगीन झालं, सासरी नाव पडलं लक्ष्मी. दोन सालानं लक्ष्मी बाळतपनाला आली. म्या लक्ष्मी नावाचे सगळे कागद हुडकले, काहीच गावलं न्हाई. नवा कागद केला. चार दिसांनी दुसरंच काही काढताना शरणम्माचा कागद हाती लागला. तेच गाव, त्योच बाप. तवर तिला माती देऊन झाली होती." चष्मा डोळ्यांवर चढवत त्या म्हणाल्या, "कागद होता, बापू. तिसऱ्या रॅकवर होता."

हे ऐकल्यावर तरी मी रकाना घालायचा की नाही? नाही घातला. फॉर्म मंजूर झालेला, त्यात बदल म्हणजे पुण्याला मेल, मग बैठक. मी स्वतःला शहाणा समजत होतो, एवढंच त्याचं कारण.

एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दुपारी दोनच्या सुमाराला शिरूर अनंतपाळ तालुक्यातून एक जीप आली. त्याच महिन्यात लातूरला रेल्वेने पाणी यायला लागलं होतं आणि गावात बोलायला दुसरा विषय नव्हता. जीपमधून एका गरोदर बाईला उतरवलं. नववा महिना, रक्तदाब भलताच वाढलेला, वाटेत दोनदा झटके आलेले, शुद्ध जवळजवळ नाहीच. बरोबर सासू, पार्वतीबाई, एका हातात पाण्याचा कॅन. नवरा विरूपाक्ष पुण्याला गाडीवर ड्रायव्हर. खिडकीवरच्या ऑपरेटरने नोंद केली, भाग्यश्री विरूपाक्ष बिराजदार, नवीन पेशंट. औषधाची ॲलर्जी? सासू म्हणाली, "तसलं काही न्हाई हिला." पडद्यावर तो चौकोन हिरवा झाला. तो हिरवा रंग मीच निवडला होता, डॉक्टरांच्या डोळ्यांना बरा वाटावा म्हणून.

बाळंतपणाच्या डॉक्टर चौंडे मॅडमनी पाच मिनिटांत ठरवलं, सिझर करायचं. बाईला थिएटरकडे नेलं.

पार्वतीबाई बाकावर बसल्या होत्या, कॅन अजून हातातच. साखराबाई वही घेऊन त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या, तेव्हा मला वाटलं, काय ही बाई! वेळ काय, हिचं चाललंय काय.

"माहेर कुठलं पोरीचं?"

"नायगावकडची हाय."

"पहिलं बाळतपन?"

"माहेरीच झालं. तीन साल झाले. नांदेडला, तुमच्याच तिकडच्या दवाखान्यात."

साखराबाई ताठ झाल्या. "अन् तिथं नाव काय होतं तिचं?"

"महानंदा. भाग्यश्री म्या ठेवलं. बापाचं नाव शेषेराव पाटील."

साखराबाई वळल्या आणि माझ्यावर ओरडल्या. चौतीस वर्षांत त्यांना ओरडताना कुणी ऐकलं नव्हतं, असं नंतर सगळे म्हणाले. "बापू! नांदेडचं उघड. महानंदा शेषेराव. हाल लवकर!"

मी टाकलं. गोल चक्र फिरायला लागलं. इतका संताप मला आयुष्यात कुठल्या चित्राचा आला नसेल. मग तीन नावं आली. एक सत्तरीची, एक शाळकरी मुलगी आणि तिसरी तेवीस वर्षांची, तालुका नायगाव, २०१३. स्कॅन केलेलं दुसरं पान उघडलं. आडव्या अक्षरात लिहिलेलं होतं, की बाळंतपणानंतर जंतुसंसर्गासाठी दिलेल्या अमुक इंजेक्शनने श्वास कोंडला, नाडी लागेना, रुग्ण महत्प्रयासाने वाचला. हे औषध पुन्हा कधीही देऊ नये. खाली तांबडी दुहेरी रेघ.

ते औषध सिझरआधी आमच्याकडे सर्रास दिलं जायचं.

मी धावलो. साखराबाई माझ्या मागे, त्या वयात, चपला सोडून. थिएटरच्या दारात सिस्टरच्या हातात भरलेली सुई होती. मी काय बोललो ते मला आठवत नाही. मॅडम मात्र थांबल्या आणि त्यांनी अगदी रास्त प्रश्न विचारला, "स्क्रीनवर तर काही नाही म्हणतोय. तुम्ही दाखवताय ती महानंदा कुणी वेगळी असली तर? ही तीच कशावरून? माहेरी फोन लावा."

पार्वतीबाई मागून रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "लागंना झालाय. दुष्काळापायी ईन-ईवाई, हिचे आई-बाप, हैदराबादला कामाला गेलेत."

साखराबाई आत शिरल्या. कुणी अडवलं नाही. स्ट्रेचरवर ती पोर पडली होती, चेहरा सुजलेला, डोळे मिटलेले. ती आल्यापासून सिस्टर "भाग्यश्री, अहो भाग्यश्रीताई" करून थकल्या होत्या, तिची पापणीसुद्धा हलत नव्हती. साखराबाई तिच्या कानाशी वाकल्या आणि परसातून लेकीला बोलवावं तशी त्यांनी हाक मारली.

"महानंदे! ए महानंदे, ऊठ माय!"

तिने डोळे उघडले. पुरते नाही, पण उघडले. ओठ हलले आणि आतून कुठून तरी आवाज आला, "आं?"

तिथे यंत्रं होती, तपासण्या होत्या, माझं दोन कोटींचं सॉफ्टवेअर होतं. त्या बाईपर्यंत यातलं काहीच पोचलं नव्हतं. साखराबाई पोचल्या. मॅडमनी एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं आणि सिस्टरला म्हणाल्या, "ती सुई टाकून द्या. दुसरं औषध काढा."

पाऊण तासाने मुलगी झाली. दोघी सुखरूप.

पार्वतीबाईंना सगळं सांगितलं तेव्हा त्यांचा आधी पारा चढला. "एवढं झालं अन् आमास्नी सांगितलं न्हाई?"

"भ्याले असतील," साखराबाई शांतपणे म्हणाल्या. "पोरीत खोट हाय म्हून तुमी माघारी धाडली असती तर? खरं सांगा, धाडली असती का न्हाई?"

पार्वतीबाई कॅनच्या झाकणाशी चाळा करत राहिल्या.

पुण्याला मेल न करता मी त्याच संध्याकाळी फॉर्ममध्ये रकाना घातला. नोकरी गेली तर गेली म्हटलं. तिसऱ्या दिवशी नांदेडची आणि लातूरची अशा दोन नोंदी जोडायला बसलो, तर सॉफ्टवेअर विचारू लागलं, मुख्य नाव कोणतं ठेवायचं? मी साखराबाईंकडे गेलो.

"मला कशापायी इचारतोस? जिचं नाव हाय तिला इचार की."

आम्ही दोघं वॉर्डात गेलो. ती उठून बसली होती, मांडीवर पोर. मी विचारलं, कागदावर तुमचं कोणतं नाव लिहू? तिला प्रश्नच कळला नाही. मग कळला तशी तिने सासूकडे पाहिलं. "आत्याबाई, काय सांगू?"

पार्वतीबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "महानंदाच लिवा. त्याच नावानं माघारी आली ती."

मी ते टॅबवर टाकलं. साखराबाईंनी आपली वही उघडली आणि सवयीने विचारलं, "अन् तुमचं?"

"माझं? मला काय धाड भरलीय?"

"भरंल की कवातरी. सांगून ठिवा."

पार्वतीबाई लाजल्या. साठीची बाई, पदर तोंडाला लावून लाजली. "गुरम्मा," त्या म्हणाल्या. "बिदरकडची हाय म्या. पंचेचाळीस साल झाले, ह्या नावानं कुनी हाक मारली न्हाई. आई मेली तवापासून तर न्हाईच." मग त्यांनी बापाचं नाव सांगितलं, गावाचं सांगितलं. दोन बहिणींची नावं सांगितली, ज्या आता कुठे आणि कोणत्या नावाने आहेत ते त्यांना ठाऊक नव्हतं. गावच्या विहिरीला किती पायऱ्या होत्या तेही सांगितलं. साखराबाई सगळं लिहून घेत होत्या, आणि महानंदा पोर मांडीवर घेऊन आपल्या सासूकडे पहिल्यांदाच बघत असल्यासारखी बघत होती. माझ्या रकान्यात फक्त पन्नास अक्षरं मावत होती. पार्वतीबाई बोलत राहिल्या, आणि मी काही त्यांना थांबवलं नाही.