खळ दिलेले पंख

आमच्या घरात विमान टांगलेलं असायचं, ते खाटेच्या बरोबर वर. दुसरीकडे जागा नव्हती. खाटेवर माझी सहा वर्षांची मुलगी झोपायची. मी रोज दोऱ्यांच्या गाठी ओढून बघायची.

विमान माझ्या नवऱ्याने केलं होतं. तो सोलापुरात एका कापड गिरणीच्या सुतारखात्यात होता. मागावर सूत इकडून तिकडे नेणारे धोटे घासून गुळगुळीत करायचे, मोडलेले लाकडी भाग करवतीवर कापून नवे करून बसवायचे, हे त्याचं काम. त्याचा एक दोस्त रेडिओ दुरुस्त करायचा. त्याच्या दुकानात एका मासिकात नवऱ्याने चित्र पाहिलं, माणूस जमिनीवर उभा आणि विमान वर उडतंय. झालं. बहात्तरच्या दुष्काळाच्या पुढचं वर्ष होतं ते. लोकांना धान्य मिळायची मारामार होऊन गेली होती आणि हा माझ्या फरशीवर खडूने पंख काढत बसला होता. आठ दिवस मी त्या रेघांवर पाय न देता स्वयंपाक केला. फरशी पुसायची बंदी होती.

मासिकात सांगितलेलं हलकं लाकूड इकडे मिळेना. वैरागकडे त्याच्या मामाच्या बांधावर पांगारा होता. तो वाळवून, पत्र्यासारखा पातळ कापून त्याने पंखाच्या फासळ्या केल्या. कडेला बांबूची कामटी बसवली. काम चांगलं होतं, हे मी म्हणते. त्याच्या हातात गुण होता. डोळ्यांत नव्हता. लांबचं त्याला दिसत नव्हतं, रस्त्यापलीकडचा माणूस ओळखू यायचा नाही. चष्मा लागला हे कळलं तर करवतीवरून काढतील म्हणून त्याने कुणाला सांगितलं नाही. फक्त मला माहीत होतं, दोस्तालासुद्धा नव्हतं.

दोस्ताने वायरलेसचा डबा केला. लांब काडीचा, एक बटण असलेला. बटण दाबलं की शेपटाची फळी वळायची आणि विमान डावीकडे जायचं, सोडलं की सरळ. उजवीकडे वळायचं त्याला जमलं नव्हतं.

"वहिनी, डावीकडं डावीकडं करत गोल फिरून घरी येतंय की," तो म्हणाला.

"आणि न्हाय आलं तर?"

"तर टांगा करून आणू."

इंजिन मुंबईहून आलं, मुठीएवढं. त्यात एरंडेल, रॉकेल आणि ईथर घालायचं. ईथरचा वास म्हणजे दवाखान्यात टाके घालतात तिथला वास. अंगणात चालू करून नवऱ्याने पुढच्या लाकडी पंख्यात जोंधळ्याचा धांडा धरला. त्याचे तुकडे भिंतीवर जाऊन आदळले. मुलगी खिदळली. मी तिला दंडाला धरून आत नेलं.

पंखांवर कापड चढवायचं काम माझ्याकडे आलं. वडिलांचं मलमलीचं जुनं उपरणं होतं, ते मी दिलं. कापड ताठ व्हायला मासिकात एक लेप सांगितला होता. तो कुठून आणणार?

"तुझी खळ लाव की," नवरा म्हणाला. "सुताला चालती, पंखाला का न्हाय?"

माहेरी आमचा घरचा माग होता. सात वर्षांची होते तेव्हापासून मी सुताला खळ द्यायची. मक्याच्या पिठाची पेज, किडे लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद. मला विचारलं याचा मला आनंद झाला, हे खोटं कशाला सांगू. दोन पातळ हात दिले, मध्ये ऊन दाखवलं. मोरचुदाने पंख किंचित निळसर झाले. बोट मारलं की हलगीसारखे वाजायचे.

पण खळ उन्हाची असते. ढगाळ हवेत माझे वडील मागावरच्या ताण्याच्या उभ्या सुतावरून हाताची पाठ फिरवायचे, सूत सैल लागलं की माग बंद ठेवायचे. हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "वरून वॉर्निश मारा." तो म्हणाला, वजन वाढतं. मी पुन्हा बोलले नाही.

पहिल्यांदा कडक उन्हात उडवलं. शंभर पावलं सरळ गेलं, गवतात अलगद बसलं. मग त्याने खात्यातल्या चौघांना पुढच्या सुट्टीला बोलावलं. विमान लांब नेऊन वळवून परत आणणार होता. आता लांब गेलेलं विमान त्याला दिसणार कसं? त्याने तोड काढली. मुलीला लाल झगा घालून रानाच्या पलीकडच्या टोकाला उभं करायचं. विमान डोक्यावर आलं की तिने हात वर करायचा. लाल ठिपका हलला की हा बटण दाबणार. आठवडाभर ती घरात हात वर करायचा सराव करत होती.

"तितं काठीला लाल फडकं बांधा," मी म्हटलं.

"काठी हात वर करती व्हय?"

त्या दिवशी सकाळपासून आभाळ भरलेलं. पाऊस नाही, नुसता दमट वारा. विमान खाली काढताना मी पंखावर बोट मारलं. आवाज आला नाही. कापड बोटाखाली दबलं आणि तसंच राहिलं.

"पंख सैल पडलाय. आज नको."

"माणसं आल्यात दारात. कोष्ट्याचं सांगू नको मला."

विजापूर रस्त्याच्या पुढे पडीक रान होतं, तिथे गेलो. मुलीला पलीकडे सोडायला मी गेले. बांधाच्या मागे तिला बसवलं, म्हटलं, "डोकं वर काढलंस तर मार खाशील." मी लाल इरकली लुगडं नेसले होते, मुद्दामच. तिच्या जागेवर मी उकिडवी बसले, म्हणजे उंची जमली. एवढ्या लांबून त्याला फक्त लाल दिसणार होतं.

गांधीलमाशीसारखा आवाज करत विमान आलं. डोक्यावर आल्यावर मी हात वर केला. ते डावीकडे वळलं. वळलं ते सरळ होईना. गोल फिरून पुन्हा माझ्यावर आलं, पहिल्यापेक्षा खाली. डाव्या पंखावरचं कापड लोंबत फडफडत होतं, फासळी पिळवटलेली मला दिसली. आणखी एक फेरा, आणखी खाली. मी उठायला गेले. पायांना मुंग्या आल्या होत्या.

पुढचं मला आवाजापुरतं आठवतं. मग ईथरचा वास, तोंडावर गरम रक्त, आणि लांबून धावत येणारा नवरा. "पोरी! ए पोरी!" असं ओरडत तो सगळं रान पळत आला. त्याला लाल पडलेलं दिसलं होतं, एवढंच.

जवळ आला. वाकला. माझं लुगडं ओळखलं.

"तू हायस व्हय," तो म्हणाला, आणि मटकन खाली बसून हसायला लागला. हसू थांबेना. बांधामागून मुलगी म्हणाली, "बाबा, मी हितं हाय की." तो तिच्याकडे गेला. मला दोस्ताने उठवलं.

डावा डोळा गेला. दवाखान्यातून आले तेव्हा नवऱ्याने एकदाच विचारलं, "तू का बसलीस तितं?"

"पंख सैल होता म्हणून."

 पुढच्या आठवड्यात त्याने चष्मा करून आणला. करवतीवरून काढलं त्याला, नुसते धोटे घासायला बसवलं. त्या हसण्याबद्दल मी त्याला कधी विचारलं नाही. त्याच्या जागी मीही हसले असते. तरी ते हसू मला अजून ऐकू येतं.

मोडकं विमान त्याने पुन्हा खाटेवर टांगायला काढलं, तेव्हा मी ते त्याच्या हातातून घेतलं आणि चुलीत घातलं. पांगारा धड जळेना, नुसता धूर. खळीचं कापड मात्र भुरकन पेटलं, मोरचुदामुळे जाळ हिरवा दिसला. मुलीने टाळ्या वाजवल्या, आणखी टाक म्हणाली. नवरा नवा चष्मा लावून दारात बसला होता. तिथून त्याला सगळं नीट दिसत होतं.