घर बंद, माणसं बाहेर

रंजनाताई म्हात्रे कुठल्याही घरात शिरल्या की आधी पाणी मागायच्या. ओळख नंतर, ओळखपत्र नंतर आणि टॅब तर सगळ्यात शेवटी. "पानी दे गो जरा," म्हणून ओट्यावर बसकण मारायच्या आणि तांब्या हातात येईपर्यंत कामाचं एक अक्षर काढायच्या नाहीत. आमच्या सर्वेक्षणात प्रत्येक घरासाठी वेळ ठरवून दिलेला होता, आणि त्यातला बराचसा या बाईंच्या घशाखाली जात होता. मी त्यांचा सुपरवायझर. वय सव्वीस, संख्याशास्त्राची पदवी नवीकोरी. ताई पन्नाशीच्या पुढच्या. पहिल्याच दिवशी मी त्यांना म्हणालो, "ताई, घरून बाटली आणत जा ना."

त्यांनी पिशवीतून भरलेली बाटली काढून दाखवली. "हाय की सर. ही माझ्यासाठी. ते पानी फॉर्मसाठी."

फॉर्मला पाण्याची काय गरज, हे मला त्या दिवशी कळलं नाही. तसं त्या कामातलं बरंच काही मला कळलं नाही, आणि आज चार वर्षांनी हे लिहितानाही सगळं कळलंय असं म्हणवत नाही.

देशातली गरिबी वाढते आहे की कमी होते आहे आणि समाजाच्या कडेला कोण ढकललं जातंय, हे मोजायचं ते काम. देशभर एकच प्रश्नावली, आणि काही वर्षांनी पुन्हा तीच. म्हणजे मग आलेखावरची रेघ वर चालली आहे की खाली, ते दिसतं. पेण आणि रोहा हे दोन तालुके माझ्याकडे होते. मी रोह्याचाच. वडील धाटावच्या कंपनीत शिफ्ट करून निवृत्त झाले. गरिबी मी पुस्तकातून व्यवस्थित शिकलो होतो, उदाहरणांसकट.

ताई धरमतरच्या खाडीकाठच्या, मिठागरावर राबणाऱ्या घरातल्या. गोड्या पाण्याच्या हंड्यासाठी बांधावरून चालण्यात त्यांचं लहानपण गेलं होतं. त्यामुळे जिभेला पाण्याची पारख अशी, की एका घोटात सांगायच्या, "हे टँकरचं. दोन दिस शिलं." प्रश्नावलीत विचारलेलं असायचं, पिण्याच्या पाण्याचा मुख्य स्रोत कोणता? दारात नळ दिसायचा आणि घरचे लोक 'नळ' म्हणून सांगायचे. मीही नळावर टिचकी मारून पुढे निघायचो. ताई घोट घ्यायच्या आणि विचारायच्या, "गो, ह्या नलाला पानी कवा आलेलं?" घरातली बाई पदराआड हसायची. "गणपतीत."

इतकं पाणी प्यायल्यावर पुढचं ओघानंच आलं. दुपारपर्यंत दहाएक घरांचं पाणी पोटात गेलं की ताई घरधनिणीच्या कानाशी लागायच्या, "कुठं जाऊन येऊ गो?" तोवर टॅबवर 'शौचालय आहे' असं नोंदवून झालेलं असायचं. आहेही असायचं, लाद्या लावलेलं, दारावर नंबर रंगवलेलं. फक्त ती बाई ओशाळून म्हणायची, "बाय, त्यात लाकडं भरल्यात." एका गावात तर आत कोंबडी अंड्यांवर बसलेली होती. ताईंनी तिला उठवलं नाही. शेताच्या मागे जाऊन आल्या आणि गंभीर चेहऱ्यानं मला म्हणाल्या, "सर, संडास हाय. पन कोंबडीचा. हे कुठं लिवू?" टॅबवर 'हो' आणि 'नाही' असे दोनच चौकोन होते. मी 'हो' दाबलं, कारण शौचालय होतं.

"फॉर्ममधी हाय ते इचारायचं," ताई म्हणायच्या, "आन नाय ते बघायचं." सल्ला चांगला होता, पण बघितलेलं भरायला जागा नव्हती. एका घरी पंखा होता आणि वीज तोडलेली होती. एका घरी लग्नात आलेलं लोखंडी कपाट होतं, आणि त्यात तांदळाचं एक पिंप सोडून काही नव्हतं. एका म्हातारीकडे मोबाईल होता, पण तो मुलगा शिफ्टला घेऊन जायचा. पंखा हो, कपाट हो, मोबाईल हो. अशा घरातून बाहेर पडताना ताई मला हमखास विचारायच्या, "सर, ही बाई आता गरीब हाय का नाय?" चेष्टा करतायत की खरंच विचारतायत, ते मला कधीच ओळखता आलं नाही. मी म्हणायचो, "ते कॉम्प्युटर ठरवेल." त्या मान डोलवायच्या. "त्याला पानी पाजा मंग."

दिवाळीआधी आम्ही रोह्याच्या बाजूच्या एका कातकरीवाडीवर घरांची यादी करायला गेलो. तिथे ताईंनी नेहमीप्रमाणे पाणी मागितलं आणि कोणी हललंच नाही. बारकी नावाची तिशीतली एक बाई दारात उभी होती. ती हळूच म्हणाली, "बाय, आमच्या घरचं पेशील?"

"तहान लागल्ये गो. कशाला नाय पिनार?"

बारकीनं पेला तीनदा धुतला. ताई घटाघटा प्यायल्या आणि आणखी एक पेला मागितला. मग सराव म्हणून मी बारकीला प्रश्न विचारायला घेतले. त्यातला एक होता : गेल्या वर्षभरात तुमच्या कुटुंबाला एखाद्या समारंभाला किंवा सार्वजनिक ठिकाणी यायला कोणी अडवलं का?

"नाय," बारकी म्हणाली. "कोन अडवनार? आमी जातच नाय."

मी 'नाही' दाबलं. ताईंनी माझ्या बोटाकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. "सर, हे नाय म्हंजी चांगलं का वाईट?" मी म्हणालो की अडवलं नाही म्हणजे चांगलंच. म्हणालो खरा, पण परतीच्या वाटेवर गाडी चालवताना ते 'नाय' माझ्या डोक्यातून जाईना.

मुख्य मुलाखतींसाठी त्या वाडीतली आठ घरं वरून निवडून आली. आम्ही गेलो तेव्हा थंडी पडली होती आणि आठांपैकी पाच घरांची दारं सुतळीनं बांधलेली होती. माणसं वीटभट्टीवर गेली होती. दरवर्षी दिवाळीनंतर जातात आणि पावसाच्या तोंडाला परततात. हे तिथल्या शेंबड्या पोराला माहीत होतं, फक्त वेळापत्रक आखणाऱ्यांना नव्हतं. नियम असा की तीन वेळा जायचं, तरी कुणी भेटलं नाही तर 'घर बंद' नोंदवायचं आणि यादीतलं पुढचं घर घ्यायचं. यादीतली पुढची घरं मोठ्या गावातली होती.

"घर बंद नाय," ताई म्हणाल्या. "मानसं बाहेर हायेत. कुठं हायेत ते मला म्हाईत हाय."

मी वरच्या ऑफिसला फोन लावला. तिकडून सांगितलं, सहा महिन्यांहून जास्त जिथे राहतात तिथे धरा. मी म्हणालो, सहा महिने वाडीवर आणि सहा महिने भट्टीवर. मग वाडीवर धरा. वाडीवर नाहीत. मग भट्टीवर धरा. भट्टी यादीत नाही. शेवटी पलीकडून आवाज आला, "पुढचं घर घ्या ना, कशाला गुंता करता?" मला तेव्हा ते पटलं. पटलं म्हणजे सुटल्यासारखं वाटलं.

ताईंनी गुंता केलाच. दुसऱ्या दिवशी एकट्या ट्रेननं कासूला उतरल्या, शेतांतून विचारत विचारत भट्टीवर पोहोचल्या आणि पाचही घरांचे फॉर्म भरून आणले. त्यांना तिकडे पाहून बारकीला इतका आनंद झाला म्हणे, की तिनं न मागता पाणी दिलं. हे सांगताना ताईंचा चेहरा फुलला होता. "न मागता दिलंन, सर!"

पण टॅबला ठिकाण कळतं. फॉर्म रोह्याच्या वाडीतल्या घरांचे आणि ठिकाण पेण तालुक्यातलं. आठवड्याभरात ते पाच फॉर्म लाल होऊन माझ्या पडद्यावर आले. त्याखाली दोनच बटणं होती, 'मान्य' आणि 'अमान्य'. मान्य केले असते तर जबाब मला द्यावा लागला असता. ताई खोटं बोलत नव्हत्या हे मला पक्कं ठाऊक होतं. नियम मोडलाय हेही ठाऊक होतं. एकेकाने नियम असा वाकवला तर देशभराची मोजणी बिघडेल, असंही मला शिकवलेलं होतं आणि ते काही चुकीचं नाही. मी दुपारभर बसून राहिलो आणि शेवटी 'अमान्य' दाबलं. पाचही फॉर्म रद्द झाले आणि ताईंचं काम बंद झालं.

टॅब परत द्यायला त्या पेणच्या स्टँडवर आल्या. तो त्यांनी जुन्या साडीच्या तुकड्यात गुंडाळून आणला होता. मी काहीतरी गुळमुळीत बोलत होतो. त्यांनी मला मध्येच थांबवून विचारलं, "त्या पाच घरांच्या जागी कोनची घरं घेतली?"

मी सांगितलं. मोठ्या गावातली, स्लॅबची. दोन घरांतली मुलं धाटावला कंपनीत.

"बरं झालं," ताई म्हणाल्या. "वाडी सुधारली." आणि अलिबागच्या गाडीत चढल्या. त्या बोलण्यात राग होता की गंमत, हे मी आजवर स्वतःला विचारतो आहे.

पुढे एका सभागृहात आम्हाला आलेख दाखवला. रेघ खाली येत होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. रेघ खोटी होती असं मी म्हणत नाही. कितीतरी घरांत खरोखरच बरं चाललं होतं, ते मी डोळ्यांनी पाहिलं होतं. पण त्या रेघेतला किती भाग माणसं सावरल्यामुळे खाली आला आणि किती दारं सुतळीनं बांधलेली होती म्हणून, ते मला सांगता येईना. नंतर मी ते काम सोडलं.

या हिवाळ्यात मात्र राहवलं नाही. एका रविवारी मोटारसायकल काढली आणि कासूच्या त्या भट्टीवर गेलो. बारकी विटा रचत होती. तिनं मला ओळखलं. हात झटकत जवळ आली आणि पहिलाच प्रश्न तिनं केला.

"ती बाय आमची नावं लिवून घेऊन गेली व्हती. पोचली का रं?"

मी झोपडीसमोर एका उलट्या घमेल्यावर बसलो. घसा कोरडा पडला होता. कोणी पाणी आणलं नाही, आणि मग लक्षात आलं की मी मागितलंच नव्हतं. या दोन तालुक्यांतली कितीतरी घरं फिरलो, पण पाणी नेहमी ताई मागायच्या.

"पाणी दे गं," मी म्हणालो.

तिनं पेला धुतला, एकदाच. प्यायल्यावर मी तिला खरं ते सांगितलं. नावं पोचली नाहीत. पोचणार होती, मी अडवली.

रागवेल असं वाटलं होतं. ती नुसती गोंधळून माझ्याकडे बघत राहिली, एवढ्याशा गोष्टीला कोणी कशाला अडवेल अशी. मग म्हणाली, "मंग परत लिव की."

माझ्याकडे टॅब नव्हता, ओळखपत्र नव्हतं, कुठलं ऑफिस पाठीशी नव्हतं. खिशात एक डायरी होती. मी ताईंना फोन लावला. चार वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी 'हॅलो'च्या आधीच म्हटलं, "बोला सर."

"ताई, मी भट्टीवर आलोय. बारकी म्हणते परत लिही. पण लिहून देऊ कुणाला?"

पलीकडे कसलीतरी भांडी वाजत होती. ती थांबली.

"पानी मागितलंस?"

"मागितलं."

"प्यालास?"

"प्यालो."

"मंग इचार ना बाला," ताई म्हणाल्या. "कुनाला द्यायचं ते मागून बघू."

आजवर मी त्यांचा 'सर' होतो, आज पहिल्यांदा 'बाळा' झालो. मी डायरी उघडली आणि बारकीला तिचं पूर्ण नाव विचारलं.